पडद्याचं काम

३ तारीख, सोमवार

बायकोनं ही वही आणून माझ्यापुढे आपटली. म्हणाली, "रोज घरी येऊन माझ्यावर ओरडतोस, त्यापेक्षा हिच्यात ओरड. हिला कान नाहीत." बरं. ओरडतो.

आज मालकानं बोलावलं होतं. मालक म्हणजे त्या चार मजली घरसामानाच्या दुकानाचा. त्याच्या रस्त्याकडच्या पाचही काचा आम्ही आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या काळापासून भरतो. बाहेरचे लोक शोकेस म्हणतात, धंद्यात सगळे नुसतं काच म्हणतात. मला बस असंसुद्धा न म्हणता तो म्हणाला, "बावीस तारखेला दुकानाला पंचवीस वर्षं होतायत. त्या दिवशी काचेपुढे माणूस थांबला पाहिजे. नाही थांबला, तर पुढच्या वर्षीपासून मी पडदे लावतो."

पडदे म्हणजे कापडाचे नव्हेत. काचेएवढे मोठाले स्क्रीन, त्यांवर हलती चित्रं. ते लावणारा पडदेवाला आमच्याच हाताखाली होता. खिळा सरळ ठोकायला आमच्याकडे शिकला आणि आता ‘सर्जनशीलता’ या विषयावर व्याख्यानं देत फिरतो.

निघताना मालक म्हणाला, "खरं सांगू का, ताईंची नजर आहे म्हणून ही एक संधी देतोय." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आणि हे मी समोर उभा असताना! शिडीवर मी चढायचं, बोटं मी ठेचून घ्यायची, आणि नजर ताईंची. जिना उतरताना मी कठड्याला लाथ मारली. कठड्याला काही झालं नाही.

५ तारीख, बुधवार

काही सुचत नाही. सकाळपासून रंगांची कार्डं पसरून बसलो होतो. मग बाजारात गेलो, तिथं फळवाल्यानं पेरू कसे रचलेत ते बघत बसलो. त्यानं विचारलं, "घेणार आहात का?" घेतले. पेरू आले, कल्पना आली नाही.

दुपारी कसाबसा एक आराखडा काढला आणि ताईला दाखवला. आमची पद्धत इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं कळेल. अप्पांनी कारखान्यात एक नियम घातला होता. कोणी कोणाच्या कामाला ‘छान’ म्हणायचं नाही. म्हटलं तर त्या दिवशीचे सगळे ब्रश त्यानं धुवायचे. "छान म्हणजे पाहिलं नाही," असं ते म्हणायचे. नीट पाहिलं असेल तर काहीतरी खटकणारच. ताई या नियमाची हवालदार. मी काच भरली की ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाते आणि कमरेवर हात ठेवून ओरडते. "तो माठ रडतोय!" "डावीकडचे सगळे मेलेत!" मी आतून शिव्या देतो, तिला खोटं पाडायचं म्हणून रागारागानं काहीतरी उलटंसुलटं करतो, आणि नेमकं तेच जमून जातं. लोक विचारतात, तुम्हाला सुचतं कुठून? मला रागातून सुचतं. आणि राग ताईकडून येतो.

तर आज तिनं आराखडा घेतला, खिडकीशी नेला, नाकाजवळ धरला, लांब धरला, आणि परत देत म्हणाली, "छान आहे."

मला वाटलं चेष्टा करतेय. सगळे ब्रश तिच्यापुढे नेऊन ठेवले. तिनं मुकाट्यानं धुतले. भांडलीसुद्धा नाही.

८ तारीख, शनिवार

पडदेवाल्याच्या व्याख्यानाला गेलो होतो. मागच्या रांगेत, टोपी घालून. त्यानं एक मोठा फळा उभा केला होता, त्यावर पान, समुद्र, नाचणारी बाई, जुनं कुलूप असं काय काय चिकटवलेलं. याला म्हणे प्रेरणाफलक म्हणतात. आमच्याकडे याला अडगळ म्हणतात. "प्रेरणा तुमच्या अवतीभवतीच आहे, फक्त डोळे उघडे ठेवा," असं म्हणून त्यानं स्वतःचेच डोळे मिटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मानसशास्त्र. माणूस दुकानात शिरला की कुठल्या बाजूला वळतो, कुठला रंग बघून त्याला भूक लागते. ऐकायचं नव्हतं तरी एक गोष्ट डोक्यात बसली. तो म्हणाला, माणसाला माणसाचा चेहरा ओढतो. काचेतला प्रत्येक चेहरा रस्त्याकडे वळलेला हवा. चोराच्या घरची का असेना, गोष्ट पटली.

बाहेर पडताना त्यानं मला टोपीसकट ओळखलं. "ताई कशा आहेत? मध्ये रस्त्यात अगदी समोरून आल्या, मी हात केला, पण त्यांनी ओळख दाखवली नाही." मी मनात म्हटलं, शाबास ताई! घरी येऊन तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "कधी? मला कुठं भेटला?" अशी माणसं ती अक्षरशः खिजगणतीत धरत नाही. बऱ्याच दिवसांनी तिचं कौतुक वाटलं.

११ तारीख, मंगळवार

कौतुक परत घेतो.

दुसरा आराखडा दाखवला. टेबलाभोवती एक कुटुंब बसलंय, सहा पुतळे, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पुन्हा "छान."

"काय छान?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे काय? टेबल छान? आई छान? की तो मागचा कपडे वाळत घालायचा दांडा छान?"

"अरे ठिणगी, डोकं नको खाऊस. जमलंय म्हटलं ना!"

लहानपणापासून ती मला ठिणगी म्हणते. मी ठिणगी, आणि ती राख. दांडा आराखड्यात नव्हताच, मी तोंडाला आलं ते बोललो होतो. तिच्या लक्षातही आलं नाही.

हल्ली तिचं चाललंय तरी काय? बोलताना माझ्याकडे बघत नाही, माझ्या कानाकडे बघते, कानामागे कोणी शहाणा माणूस उभा असल्यासारखी. निळं कापड मागितलं तर हिरवं दिलं. वर म्हणते, "उजेड किती कमी आहे इथं." चहा ओतताना कपात बोट घालून बसते, चटका बसला की थांबते. मी म्हटलं, आम्हालाही प्यायचाय तो. तर हसली. आणि मुख्य म्हणजे दुकानावर चल म्हटलं की गुडघा दुखतो. मागच्या वर्षी माझ्या आधी शिडीवर चढायची! अर्ध्या तासाचं काम, रस्ता ओलांडायचा आणि ओरडायचं. तेवढंही होत नाही बाईसाहेबांना.

१२ तारीख, बुधवार

आज जे ऐकलं ते आधी लिहून टाकतो.

गोंद आणायला घरी गेलो. ताई वरच्या खोलीत राहते, बायको दुपारी तिच्याकडे पेपर घेऊन बसते, दोघींची खुसुरफुसुर चालते. जिन्यात असताना बायकोचा आवाज आला, "पण पडद्याचं ते नक्की काय म्हणाले?"

मी जिन्यात खिळलो.

ताई म्हणाली, "सोमवारी या म्हणाले. तेव्हा शेवटचं काय ते सांगतील."

"ह्याला सांगायचं का?"

"वेडी आहेस? बावीस तारखेला काच उघडेपर्यंत शब्द काढू नकोस. मालकाच्या कानावर गेलं तर सगळंच बिघडेल. त्याला काम करू दे."

मी गोंद न घेता परत आलो. तर असं आहे! ओळख दाखवली नाही म्हणे! नाटक, दोघांचंही. ताई पडदेवाल्याकडे चाललीय. तिची नजर त्याला हवी आहे, मालकाला तिची नजर हवी आहे, मग मधे माझी अडचण कशाला? म्हणून हे छान छान. मला खड्ड्यात जाऊ द्यायचं, आणि वरून माती टाकायची. आणि माझी बायको त्यात सामील. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारायची तरी कोणाच्या नावानं?

बायकोशी बोलायचं नाही असं ठरवलंय. एक अक्षर नाही.

१४ तारीख, शुक्रवार

बायकोला अबोला जाणवलाय असं वाटत नाही. उलट घर शांत झालं म्हणून ती खूश दिसते.

पण ताईला मी आज सोडलं नाही. कारखान्यात दोघंच होतो. ती दोऱ्याची रिळं चाचपत बसली होती. मी सरळ विचारलं, "मग, पडद्याचं कसं काय?"

तिच्या हातातलं रीळ पडलं. गडगडत कपाटाखाली गेलं. "तुला कोणी सांगितलं?"

"भिंतींना कान असतात."

रीळ उचलायला ती वाकलीसुद्धा नाही. मग म्हणाली, "बरं झालं. मलाच सांगायचं होतं, धीर होत नव्हता. रागावलास?"

"मी कशाला रागावू? किती दिवस चाललंय हे?"

"वर्ष होत आलं. आधी एकाच बाजूला होतं. आता दोन्हीकडे झालंय."

दोन्हीकडे! दोन्ही डगरींवर हात, आणि ते स्वतःच्या तोंडानं सांगतेय! अशा वेळी माणसाला लाज वाटते, मान खाली जाते. ही माझ्या कानाकडे बघत शांतपणे बसलेली. मी म्हटलं, "शाबास. आणि मला काही वाटणार नाही असं वाटलं तुला?"

"वाटेलच की. मलाही वाटतं. पण आता इलाज नाही त्याला."

"इलाज नाही कसा? नाही म्हणता येत नव्हतं?"

ती चमकली. म्हणाली, "नाही कोणाला म्हणायचं असतं, ते तरी सांग."

मी म्हटलं, "ठीक आहे. ज्याचं त्याचं नशीब. मी एकटा भरेन काच."

तर म्हणते कशी, "हो, आता एकट्यालाच भरावी लागेल तुला." आणि डोळ्याला पदर लावला. डोळ्याला पदर! मी दार आपटून बाहेर पडलो. खाली गेल्यावर कळलं की चपला वर राहिल्यात. तसाच अनवाणी घरी आलो, पण परत वर गेलो नाही.

१७ तारीख, सोमवार

सकाळी दोघी कपडे करून निघाल्या. बायकोनं ताईचा दंड धरला होता, नवरीला नेतात तसा. मी खिडकीतून बघत होतो. ताईनं गेटच्या पायरीवर थांबून आधी पायानं पायरी चाचपली, मग उतरली. एवढा तोरा!

दुपारी परत आल्या. ताई वर जाऊन झोपली. बायकोचे डोळे लाल होते. तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "तुला काही विचारायचं नाहीये का?"

मी अबोला मोडला नाही.

१८ तारीख, मंगळवार

आज काय ते एकदाचं तोंडावर झालं.

कोपऱ्यातली काच, पाचांतली सगळ्यात मोठी, मी भरली. टेबल, सहा पुतळे, सगळे दात काढून रस्त्याकडे बघतायत. बाहेरून कागद लावलेला होता तो काढला आणि जाऊन ताईला घेऊन आलो. "शेवटचं एकदा बघ आणि काय ते सांग," असं म्हटलं. ती नाही म्हणत होती. मी हाताला धरून जवळजवळ ओढतच आणली. रस्ता ओलांडताना तिनं माझी बाही घट्ट धरली होती. मनात म्हटलं, आता कळवळा दाखवतेय.

समोरच्या फुटपाथवर तिला उभी केली. "सांग. काय दिसतंय?"

"काय दिसणार मला?"

"म्हणजे इतकं वाईट आहे?"

"छान असेल रे. तू केलंयस म्हणजे छानच असेल."

असेल! समोर उभी राहून म्हणते, असेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा दिवस मी झोपलो नाही, पेरू विकत घेतले, त्या गाढवाचं व्याख्यान ऐकलं, आणि हिला काचेकडे धड बघायचंही जिवावर येतं. भर रस्त्यात ओरडलो, "असेल म्हणजे काय? डोळे फुटलेत का तुझे?"

ती म्हणाली, "हो."

वर तोंड करून, शांतपणे, "हो." उद्धटपणाची हद्द झाली. म्हणाली, "एवढं कळूनसुद्धा विचारतोस मला?"

मी म्हटलं, "कळलंय म्हणूनच विचारतोय!"

मग ती वळली आणि एकटीच रस्त्यात उतरली, ना इकडे बघणं ना तिकडे. एका सायकलवाल्याला जाऊन धडकली. तो पडला, त्याच्या पिशवीतले कांदे रस्ताभर झाले. तो तिला शिव्या देत होता आणि ती खाली बसून कांदे गोळा करत होती, हातानं जमीन चाचपत, एखादा अगदी हाताशी असलेला कांदा सोडून भलतीकडेच. लोक जमले. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. एवढं नाटक कशासाठी? मी तिला रिक्षात घातलं आणि घरी पाठवून दिलं.

एक मात्र लिहायला हवं. काचेसमोर कोणी थांबलं नाही. कांद्यांसमोर थांबले.

१९ तारीख, बुधवार

अबोला मीच मोडला. बायकोला म्हणालो, "तुम्ही दोघी उद्यापासूनच जा ना पडदेवाल्याकडे. बावीस तारखेपर्यंत थांबता कशाला?"

ती म्हणाली, "कुठला पडदेवाला?"

"जिन्यातून ऐकलंय मी सगळं. पडद्याचं काम, सोमवारी या, मालकाला कळू देऊ नकोस."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे डोळ्याचा पडदा! ताईंच्या डोळ्याचा पडदा! मधोमध डाग आलाय, दोन्ही डोळ्यांत. कडेकडेनं थोडंसं दिसतं, समोरचं काही दिसत नाही. सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही."

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही.

"तुला कळलंय असंच वाटतंय त्यांना. शुक्रवारी तूच म्हणालास ना, भिंतींना कान असतात? काल घरी आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, कळल्यावर तो असं बोलेल असं वाटलं नव्हतं."

२० तारीख, गुरुवार

काल रागावायला कोणी सापडत नव्हतं. आज सापडलं. ताई.

तिच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून कांदे सोलत होती. सायकलवाला उरलेले कांदे आमच्याच रिक्षात टाकून गेला होता म्हणे. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "वर्षभर मला मूर्ख बनवलंस!"

"म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

मी पडदेवाल्याची सगळी हकीकत सांगितली. ती हसायला लागली, इतकी की सुरी बाजूला ठेवावी लागली. "मी? त्याच्याकडे? अरे, त्याला अजून खिळा सरळ ठोकता येत नाही!" हसता हसता रडली, की कांद्यानं, कोण जाणे.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गोड बोलायला लागला असतास. जप हो ताई, बस हो ताई. आणि गोड बोलताना तुला काडीचंही सुचत नाही."

"मग छान कशाला म्हणत होतीस? माझं सुचणं त्यानंच गेलं!"

"मग काय म्हणू? चूक काढायला दिसावं लागतं, ठिणगी. छान म्हणायला काही लागत नाही."

मी बाजूला ठेवलेली सुरी उचलून कांदा सोलायला लागलो. मंगळवारचं बोलणं काढलं, तर तिनं हात झटकला. "ते राहू दे आता. मला काच सांग."

"काय सांगू?"

"काय काय ठेवलंयस ते सांग. डावीकडून सुरू कर."

मी सांगायला लागलो. दिवा, खुर्ची, बाप, आई, टेबल. ती मधेच म्हणाली, "आईपाशी घाई केलीस." मी म्हटलं, नाही केली. "केलीस. बापाबद्दल एवढं बोललास आणि आईला दोन शब्दांत उरकलंस. का ठेवलीयस तिला?" मी विचार केला. रिकामी जागा दिसत होती म्हणून ठेवली होती. "काढून टाक," ती म्हणाली. तासभर असं चाललं. तिला दिसत नसतानाही ती माझ्या बोलण्यातून काचेतली भोकं शोधत होती, आणि मी सांगता सांगता माझंच काम नव्यानं बघत होतो. मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. हे वर्षभर करता आलं असतं की आपल्याला!

२१ तारीख, शुक्रवार

कागद लावलेल्या काचेत आज ताईला घेऊन गेलो. दोघांना वाकून उभं राहावं लागेल एवढीच जागा. तिनं हातांनी सगळं बघितलं. टेबलाची कड, खुर्च्यांच्या पाठी, मग आई काढल्यावर उरलेल्या एकेका पुतळ्याचे खांदे, नाक, हनुवटी.

"हे सगळे तोंडं कुठं करून बसलेत?"

"रस्त्याकडे. माणसाला माणसाचा चेहरा ओढतो."

"हे तुला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं नाही कोणी ते.

"अरे, घरातली माणसं जेवताना रस्त्याकडे बघतात का? हे तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसलेत, भीक मागायला बसल्यासारखे. फिरव सगळ्यांना. पाठ रस्त्याकडे. सगळ्यांना टेबलावर वाकलेलं कर."

"पाठ कोण बघायला थांबणार?"

"चार माणसं रस्त्यात पाठ करून कशावर तरी वाकलेली असली तर तू काय करतोस?"

मी बघायला जातो. सगळेच जातात. पण हे तिला कबूल करायचं नव्हतं, म्हणून जोरदार भांडलो. टेबलावरची नवी भांडी पाठींआड जातील, मालक तोंडात मारील, पंचवीस वर्षं झाली म्हणून दुकान गिऱ्हाइकाला पाठ दाखवतंय असं लोक म्हणतील. ती म्हणाली, "म्हणू दे ना, थांबून म्हणतील!" वरच्या मजल्यावरचे नोकर काय झालं म्हणून खाली आले. भांडता भांडता मी पुतळे फिरवायला लागलो होतो, हे मला चौथ्या पुतळ्यापाशी कळलं. टेबलावर एक खोकं ठेवलं, झाकण अर्धवट उघडं, आत दिवा. बाहेरून आतलं काही दिसणार नाही असं.

कडेची लहान मुलगी मात्र तशीच ठेवली, रस्त्याकडे हसत बघणारी. सगळेच पाठमोरे म्हणजे जरा जास्तच होतं, एक तरी चेहरा हवा. ताईनं विचारलं, "सगळे फिरवले?" मी हो म्हटलं. तिला कुठं कळणार होतं.

२२ तारीख, शनिवार

निकाल आधीच लिहून टाकतो. मालकानं तीन काचा आमच्याकडे ठेवल्या, दोन पडदेवाल्याला दिल्या. संताप आलाय, पण आज तो पहिल्या नंबरचा नाही.

सकाळी कागद काढले. ताई आणि मी समोरच्या फुटपाथवर. ती एकसारखी विचारत होती, "थांबतायत का?" आणि थांबत होते. एक बाई पुढे जाऊन परत आली. एका गृहस्थानं काचेला नाक लावलं. मग त्याच्या मागे आणखी चार पाठी. ताईला मी सगळं सांगत होतो, कोण, कुठं, किती वाकलंय. तिनं माझा दंड इतका दाबला की अजून दुखतोय.

मालक रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. खुशीत होता. मला म्हणाला, "त्या खोक्यात आहे तरी काय?" मग माझ्याकडे पाठ करून, दर वेळी विचारतो तसं, ताईला विचारलं, "बोला ताई. काय म्हणते तुमची नजर?"

नुसतं ‘छान’ एवढा एक शब्द पुरला असता. तो ऐकायलाच तर मालक आला होता. बायकोनं, ताईनं वर्षभर तिचं न दिसणं याच्यापासूनच तर झाकून ठेवलं होतं.

ताई म्हणाली, "मला दिसत नाही. वर्ष होत आलं. आता नजर ह्याची आहे, ह्याला विचारा."

मालकाचा चेहरा उतरला. तो हळूच वळला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे धड बघत म्हणाला, "मग, तुम्ही सांगा."

मी काचेकडे बघितलं. चार पाठी, आणि कडेला ती मुलगी, हसत. लोक खोक्याकडे बघायला वाकत होते, आणि वाकता वाकता त्यांची तिच्याशी नजरानजर झाली की चोरी पकडल्यासारखे सरळ होऊन निघून जात होते. प्रत्येक जण. मला सकाळपासून दिसत होतं. ताईला एवढं सगळं सांगितलं, पण हे सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "चूक आहे. कडेची मुलगी. तिला फिरवायला हवं होतं."

"कुठली मुलगी?" ताई म्हणाली. "सगळे फिरवले म्हणालास ना?"

"एक ठेवली होती."

"का?"

"तुला दिसणार नाही म्हणून."

मालक तिथं नसता तर बरं झालं असतं. ताईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. वर्षभरात मी तो असा पाहिला नव्हता. "मला दिसत नाही म्हणून? माझ्याशी चोरी? आणि वर उभा राहून हे सांगतोयस कोणाला? जा! आधी जा आणि फिरव तिला!"

मी गाड्या न बघता रस्ता ओलांडला. काचेत शिरलो, लोकांसमोरच त्या पोरीचे खांदे धरले, मान टेबलाकडे वळवली आणि बाहेर बघितलं. ताई फुटपाथच्या कडेवर उभी होती, मालकाला हातानं बाजूला सारून, कमरेवर हात ठेवून ओरडत होती. शेजारच्या काचेकडे तोंड करून. तिथं नुसत्या उशा होत्या.

लोकांच्या गलक्यात तिचा आवाज काचेतून पोचत नव्हता, पण ती काय म्हणत असेल ते मला पाठ आहे. मी मान हलवून हो हो म्हटलं, मग माझी मलाच लाज वाटली. काचेतून बाहेर पडलो, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, आणि तिला दिशा कळावी म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "इकडे! मी इकडे आहे! फिरवली!"